फास्ट लोकल आणि फास्टिंग: दवाखान्यातले फसवे शब्द



‘मुंबईला दाखवा’ अशी चिठ्ठी मिळाली की आपण परळ गाठतो. १९२६ पासूनचं केईएम, १९४१ पासूनचं टाटा मेमोरियल आणि लहान मुलांचं वाडिया तिथंच आहे. तिथं मराठी बोलतात, पण मधेमधे इंग्रजी शब्द येतात. ते ओळखीचे वाटतात, आणि तिथंच घोटाळा होतो. आज असे पाच शब्द शिकूया.

१. फास्ट – फास्टिंग: दादरची फास्ट लोकल म्हणजे जलद गाडी. पण ‘उद्या फास्टिंग या’ म्हणजे उपाशीपोटी या. हा आपला उपवास नव्हे! साबुदाण्याची खिचडी, केळं, चहा, काहीच चालत नाही. साखरेच्या तपासणीआधी साधारण ८ ते १० तास पोट रिकामं हवं; साधं पाणी चालतं. खाऊन गेलात तर पुन्हा फेरी, गाडीभाडं आणि बुडालेला रोज.

२. पॉझिटिव्ह – निगेटिव्ह: बोलताना पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं. टीबीच्या रिपोर्टात मात्र पॉझिटिव्ह म्हणजे जंतू सापडले, निगेटिव्ह म्हणजे सापडले नाहीत. रक्तगट ‘ओ पॉझिटिव्ह’ हा आजार नाही, तो नुसता गट. म्हणून नेहमी विचारा, “कशासाठी पॉझिटिव्ह?”

३. डिस्चार्ज: ‘उद्या डिस्चार्ज’ म्हणजे घरी सोडणार. पण बाईंच्या तपासणीत ‘डिस्चार्ज होतो का?’ म्हणजे अंगावरून पांढरं जातं का. लाजू नका, खरं सांगा.

४. बिनाइन – मॅलिग्नंट: गाठीच्या रिपोर्टात बिनाइन म्हणजे कॅन्सर नसलेली, मॅलिग्नंट म्हणजे कॅन्सरची. गाठ म्हटली की कॅन्सरच, असं नसतं. पण तपासणी टाळायची नाही.

५. चेक-अप – फॉलो-अप: चेक-अप म्हणजे तपासणी. फॉलो-अप म्हणजे उपचारानंतर दिलेल्या तारखेला पुन्हा दाखवणं. बरं वाटलं तरी जायचंच. पेरणी असो की लग्न, तारीख चुकवू नका.

शब्द अडला तर मान डोलावू नका. “डॉक्टर, मराठीत सांगा ना,” म्हणा. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता घरी येण्यात धोका आहे.

स्वाध्याय: पुढच्या बैठकीत हे शब्द मोठ्यानं वाचा आणि एकमेकींना विचारा: मावशी वरीचा भात खाऊन फास्टिंगच्या तपासणीला गेल्या. चाललं का? का नाही?