ब्रह्मपुरीचा पोसायडन

कोल्हापूरच्या टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयाच्या संग्रहात वीतभरही उंची नसलेली एक कांस्यमूर्ती आहे. ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन तो हाच. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४-४५ च्या सुमारास प्रा. कुंदणगार यांनी केलेल्या उत्खननात ती सापडली. सोबत रोमन बनावटीचा आरसाही होता.

घडण ग्रीक शिल्पकार लिसिपसच्या वळणाची. लिसिपस इ. स. पू. चौथ्या शतकातला, मूर्ती मात्र रोमन काळातली. म्हणजे ही जुन्या आदर्शाची छोटी प्रतिकृतीच होय. पण म्हणून तिला कमी लेखू नये. त्रिशूळ हरवला, तरी तो धरण्यासाठी उंचावलेल्या हाताचा रुबाब गेलेला नाही.

समुद्र तर सह्याद्रीपलीकडे. मग हा देव येथे कोणासाठी आला? ‘व्यापारातून आलेली वस्तू’ एवढे म्हणून पुष्कळजण पुढे जातात. ते खरेच आहे. सातवाहनकाळी आपल्या पैठण-तेरचा माल भडोच बंदरी जात असे, हे ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात नोंदलेले आहे. परंतु दाढीवाला, त्रिशूळधारी देव पाहून येथल्या माणसाला आपला शिव आठवला नसेल काय? हे अनुमान घाईचे आहे, असे आमचे सर म्हणतात. मला मात्र ते सोडवत नाही.