वर्षाचे बाळ आणि गाईचे दूध

गेल्या उन्हाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका शेतकरी कुटुंबाकडे आमचे जाणे झाले. गोठ्यात दोन दुभत्या गाई, ओसरीवर सव्वा वर्षाचे बाळ. गोरेपान, गुबगुबीत. आजी कौतुकाने म्हणाली, "फादर, ह्याला भाकरी नको, भात नको, दिवसाला लिटरभर दूध पितंय बघा." आम्हीही मान डोलावली, "छान, दुधावर वाढू दे" असे म्हटले आणि बाळाच्या डोक्यावर हात ठेवून निघालो.

दोन महिन्यांनी त्याच बाळाला धाप लागते म्हणून इस्पितळात न्यावे लागले. त्याचा तो गोरेपणा नव्हताच, तो फिकेपणा होता. रक्त तपासले तेव्हा असावे त्याच्या जवळजवळ निम्मेच भरले. बाळ भिंतीची माती चाटत असे, हेही आजीला तेव्हाच आठवले. आज ते बाळ बरे आहे. पण त्या दिवशी आम्ही डोलावलेली मान आम्हांला अजून खुपते. म्हणून या वेळी हा विषय घेत आहोत.

दूध वाईट आहे, असे येथे कोणी समजू नये. प्रश्न आहे तो केव्हा, किती आणि कसे द्यावे याचा.

केव्हा द्यावे?

पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे; वरचे पाणीसुद्धा नको. सहा महिने पूर्ण होताच मऊ वरण-भात, नाचणीची लापशी, कुसकरलेले केळे, उकडलेले अंडे असे वरचे अन्न सुरू करावे आणि आईचे दूध दोन वर्षांपर्यंत व त्यापुढेही चालू ठेवावे. गाईचे किंवा म्हशीचे दूध पिण्यासाठी म्हणून द्यायचे ते वर्ष पूर्ण झाल्यावर. आईचे दूध मुळीच मिळत नसेल, तर वर्षाच्या आतल्या बाळाला काय द्यावे हे घरी न ठरवता डॉक्टरांना विचारावे.

वर्षभर थांबण्याचे कारण सोपे आहे. गाईचे दूध वासरासाठी असते, आणि वासरू आपल्या बाळापेक्षा फार झपाट्याने वाढते. आईच्या १०० मिलिलिटर दुधात प्रथिने सुमारे १ ग्रॅम असतात, गाईच्या दुधात सुमारे सव्वातीन ग्रॅम. प्रथिनांचा व क्षारांचा हा भार तान्ह्या बाळाच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. शिवाय इतक्या लहान वयात या दुधाने काही बाळांच्या आतड्यांतून डोळ्यांना न दिसणारे रक्त थोडे थोडे जात राहते.

किती द्यावे?

वर्ष उलटल्यावर दिवसाला दोन पेले, म्हणजे सुमारे ४०० मिलिलिटर दूध पुरे. फार तर ५००. दही, खीर, लापशीतले दूध हे सारे याच हिशेबात धरावे. बाळ आईचे दूध पीत असेल, तर याहून कमी दिले तरी चालते.

आता लिटरभर दुधाने काय बिघडते ते पाहा. वर्ष-दीड वर्षाच्या मुलाला रोज सात-आठ मिलिग्रॅम लोह अन्नातून मिळायला हवे. लिटरभर गाईच्या दुधात ते अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास असते. दुधातला कॅल्शियम इतर अन्नातले लोहही अंगी लागू देत नाही. आणि पोट दुधानेच भरले, की बाळ भाकरी-वरणाकडे पाहतही नाही. वजन वाढते, गाल भरतात, पण रक्त आटत जाते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या आपल्या देशातील शंभरांपैकी ६७ मुलांत रक्त कमी आढळले. दूध हे त्याचे एकमेव कारण नव्हे. पण घरात दुभती गाय आहे म्हणून आपले बाळ यातून सुटले, असे समजू नये.

म्हणून आधी जेवण, मग दूध. मसूर-मुगाचे वरण, पालेभाजी, अंडे, काटे काढलेला मासा, अधूनमधून शिजवून बारीक केलेली कोंबडीची कलेजी यांतून लोह मिळते. वर लिंबू पिळले तर ते अंगी लागते. चहाने उलटे होते. बाळाला चहा देऊच नये. आशाताई लोहाचे औषध देतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला ते आठवड्यातून दोनदा, एक एक मिलिलिटर द्यायचे असते. ती बाटली फळीवर पडून राहू देऊ नये.

कसे द्यावे?

पहिल्या दिवशी दोन-तीन चमचे भातात किंवा लापशीत घालून द्यावे. तीन-चार दिवस पाहावे आणि मग हळूहळू वाढवावे. अंगावर गांधी उठणे, वारंवार उलटी, घरघर, शौचात रक्त यांपैकी काही दिसले तर दूध थांबवून डॉक्टरांकडे जावे. चेहरा वा ओठ सुजले किंवा श्वास अडकू लागला, तर क्षणभरही थांबू नये.

दुधात पाणी घालू नये, साखर घालू नये. दोन वर्षांपर्यंत सायीसकट दूध द्यावे. बाटली घरात आणूच नये. बोंडल्याची चोचही आतून नीट निघत नाही. वाटी-चमचा किंवा छोटा पेला बरा. झोपेत दूध पाजल्याने दात किडतात, हेही ध्यानात असावे.

भांड्याचीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. पूर्वी आपल्याकडे लहान मुलांचे यकृत कठीण होऊन ती दगावत. १९८३ साली पुण्याच्या डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडच्या डॉ. टॅनर यांच्यासह दाखवून दिले, की अशी बाळे फार लवकर जनावराच्या दुधावर आलेली होती आणि ते दूध तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवलेले वा ठेवलेले असे. दुधात तांबे उतरत होते. घरोघरी स्टीलची भांडी आली आणि हा रोग जवळजवळ दिसेनासा झाला. तेव्हा आजीचे पितळी पातेले माळ्यावर जपून ठेवा. बाळाचे दूध स्टीलच्या भांड्यातच तापवा.

गोठ्यातली काळजी

धारोष्ण दूध बाळालाच काय, कोणालाही देऊ नये. कच्च्या दुधातून क्षयाचे आणि ब्रुसेलाचे जंतू येतात. ब्रुसेलाने माणसाला महिनोन्‌महिने ताप व सांधेदुखी जडते, आणि याच रोगाने गाई गाभडतात. दूध ढवळत ढवळत चांगली उकळी आणावी, मग झाकून ठेवावे. धार काढण्याआधी हात व कास धुवावी. गाभडलेल्या गाईचा वार उघड्या हाताने उचलू नये. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलाची लस सरकारी योजनेतून टोचून मिळते, ती चुकवू नये.

गाईला दगडी झाली आणि इंजेक्शने दिली, तर पशुवैद्य सांगतील तितके दिवस तिचे दूध घरातही नको आणि डेअरीतही नको. उकळल्याने जंतू मरतात. औषध दुधातून जाईलच असे नाही.

शेवटी एक विनंती. घरात एक ते दोन वर्षांचे मूल असेल, तर आजच त्याच्या खालच्या पापणीची आतली बाजू आणि तळहात पाहा. लाली नसेल, मूल मलूल असेल किंवा माती खात असेल, तर आरोग्य केंद्रात नेऊन रक्त तपासून घ्या. परवा आम्ही पुन्हा त्या घरी गेलो होतो. आजी नातवाला वरण-भात भरवत होती. दुधाचा पेला झाकून बाजूला ठेवलेला होता. "आधी ताट, मग पेला," ती म्हणाली. या वेळी आम्ही निर्धास्तपणे मान डोलावली.