सोनेरी दौत आणि पाऱ्याचा धूर

दौत ही मूळची साधी वस्तू. शाई सांडू नये आणि वाळू नये, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये मात्र श्रीमंतांच्या लेखनमेजावर ती एकटी नसे. एकाच तबकात शाईचे पात्र, ओली अक्षरे सुकविण्यासाठी बारीक वाळूची डबी, स्पंजाची वाटी आणि नोकराला बोलाविण्याची घंटी असा संच मांडलेला असे; आणि या साऱ्याला सोबत म्हणून गुटगुटीत बालके किंवा चिनी वेशातील पुरुष यांच्या ब्राँझच्या सोनेरी मूर्ती बसविलेल्या असत. नेपोलियनच्या १७९८ च्या इजिप्त मोहिमेनंतर स्फिंक्सची आवड विशेष वाढली. प्रत्यक्ष शाई बहुधा काचेच्या अथवा चिनी मातीच्या पात्रातच राही. कारण हिराकस आणि मायफळ यांपासून केलेली शाई आम्लधर्मी असल्यामुळे धातूला खाते.

मोठ्या संचाचे भाग वेगवेगळे ओतून मळसूत्री खिळ्यांनी जोडीत. साच्यातून निघालेला भाग खडबडीत असे. त्यावर छिन्नीने केसांच्या बटा आणि वस्त्रांच्या चुण्या उठवाव्या लागत. ओतारी आणि मुलामा देणारे यांचे व्यवसायसंघ दीर्घकाळ निरनिराळे होते. १७९१ मध्ये क्रांतीच्या शासनाने असे सर्व संघच रद्द केले.

खरी कसोटी मुलाम्याची. सोने पाऱ्यात विरघळवून लोण्यासारखा लगदा करीत, तो स्वच्छ केलेल्या ब्राँझवर फासत आणि ती वस्तू कोळशाच्या विस्तवावर धरीत. पारा ३५७ अंश सेल्सियसला उकळतो. तो वाफ होऊन निघून जाई व सोने धातूला घट्ट चिकटून राही. तापत असतानाच लेप कुंचल्याने सारखा करावा लागे, म्हणजे कारागिराचे तोंड नेमके त्या वाफेवर. मग काही भाग अकीकाने घोटून आरशासारखा चकचकीत करीत, तर काही मुद्दाम निस्तेज ठेवीत. त्वचा आणि वस्त्र यांतील भेद जो आपल्याला दिसतो, तो या दोन झळाळींमुळे.

ही झळाळी फार महाग पडे, आणि तिची किंमत गिऱ्हाईक देत नसे. पाऱ्याच्या वाफेने कारागिरांचे हात कापू लागत, हिरड्या सुजत, दात पडत. ज्या हातांच्या स्थैर्यावर पोट चालायचे, तेच निकामी होत. आंत्वान-आंद्रे राव्रियो हा पॅरिसचा नामांकित ब्राँझकार. नेपोलियनच्या दरबाराला त्याने माल पुरविला होता. फावल्या वेळी तो नाटुकलीही लिही. १८१४ मध्ये तो मरण पावला, तेव्हा मुलामा देणाऱ्यांना या विषापासून वाचविण्याचा उपाय शोधणाऱ्यासाठी त्याने ३,००० फ्रँकांचे पारितोषिक मागे ठेवले होते. आयुष्यभर या धंद्यावर जगलेल्या मालकाने ही जाणीव मृत्युपत्रात तरी नोंदविली, हे थोडे नव्हे.

पारितोषिक दार्से या रसायनज्ञाला मिळाले आणि त्याचा प्रबंध १८१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची युक्ती साधी होती. धुराड्यात वेगळा विस्तव पेटवून वरच्या दिशेने जोराचा झोत निर्माण करावयाचा, म्हणजे विषारी वाफ कारागिराकडे न वळता वर ओढली जाते. पारा वापरात राहिलाच. फक्त त्याची वाट बदलली.

पुढे १८४० च्या दशकात विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याची रीत आली. फ्रान्समध्ये तिचे हक्क क्रिस्तोफ्ल या पेढीने घेतले. हा थर बहुधा पातळ आणि एकसारखा असतो. संग्रहालयात एखादी सोनेरी दौत पाहावयास मिळाली, तर मूर्तीच्या चुण्यांच्या खोल भागात डोकावावे. पाऱ्याच्या मुलाम्यातील सोने कुंचल्याने पसरविलेले असल्यामुळे तेथे ते कोठे दाट, कोठे विरळ दिसते.