चुकलेले रीडिंग खोडू देऊ नकोस

पुणे

चि. बाळ,

वाराणसीच्या शाळेत अकरावी-बारावीचे फिजिक्स तुझ्याकडे आले, याचा फार आनंद झाला. तुला एकच सांगायचे आहे: मुलांच्या जर्नलमधले चुकलेले रीडिंग खोडू देऊ नकोस. आपल्याकडे प्रयोगाची सुरुवात उत्तरापासून होते. लोलकाच्या प्रयोगात गुरुत्वीय त्वरणाची, म्हणजे 'जी'ची किंमत ९.८ यायला हवी हे मुलांना आधीच ठाऊक असते, म्हणून वीस आंदोलनांचा वेळ तिला जुळेल असा लिहिला जातो. जर्नल सुबक दिसते, सही मिळते, आणि मुलाने निसर्गाला काही विचारलेलेच नसते. पुस्तकातला आकडा आणि हाती आलेला आकडा यांत फरक का पडला, हा प्रश्न ज्याला स्वस्थ बसू देत नाही, तोच भौतिकशास्त्र शिकू लागला असे मी मानतो.

यासाठी तुझे गाव तर सोन्यासारखे आहे. दशाश्वमेध घाटाशेजारी मानमंदिराच्या गच्चीवर सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात बांधवलेली यंत्रे आहेत. तिथल्या सम्राट यंत्र या सूर्यघड्याळाची तिरपी भिंत काशीच्या अक्षांशाइतकी, म्हणजे सुमारे २५.३ अंश चढलेली आहे. मुलांना तिथे जरूर ने, पण त्याआधी शाळेच्या मैदानात ओळंब्याने सरळ केलेली १ मीटरची काठी उभी करू दे. विषुवदिनी मध्यान्हीला तिची सावली सुमारे ४७ सेंटिमीटर पडायला हवी. मुले मोजायला वाकली की त्यांच्या लक्षात येईल, सावलीला टोकच नाही! काळोखातून उजेडात विरत जाणारा साधारण एक सेंटिमीटरचा पट्टा आहे. कोणी ४७ लिहील, कोणी ४८. दोघेही चुकलेले नाहीत. सूर्य बिंदू नसून आकाशात अर्ध्या अंशाची तबकडी आहे, हे त्या पट्ट्याने सांगितले. पुढे मध्यान्ह किती वाजता झाली ते काढायला सांग. सगळ्यांत आखूड सावलीची वाट पाहण्यात अर्थ नाही, कारण त्या सुमारास तिची लांबी जवळजवळ बदलतच नाही. सकाळी आणि दुपारी सावली काठीभोवती काढलेल्या एकाच वर्तुळाला कधी टेकते ते पाहावे आणि मधली वेळ घ्यावी. काशी भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या अर्धा अंश पूर्वेला, म्हणजे मध्यान्ह ११ वाजून ५८ मिनिटांनी व्हावी. पण नोव्हेंबरच्या आरंभी ती ११.४२ च्या आसपास येईल आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२.१२ च्या. घड्याळ बरोबर, काठी बरोबर, तरी अर्ध्या तासाची तफावत! पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे, या दोन्ही गोष्टी त्या तफावतीत आहेत. जुळवून १२ लिहिणाऱ्याच्या हाती यातले काहीच लागणार नाही.

जे दिसले ते न पुसण्याची परंपरा तुझ्या काशीतच आहे. महाराष्ट्रातून काशीला गेलेले ज्योतिर्गणिती बापूदेव शास्त्री १८४२ पासून तिथल्या संस्कृत कॉलेजात शिकवत. सूर्यसिद्धांतावर त्यांची श्रद्धा होती, १८६१ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर त्यांनी प्रसिद्ध केले. तरीही त्यांचे पंचांग नॉटिकल अल्मनॅक या इंग्रजी नाविक पंचांगाच्या आधारे निघे, कारण ग्रहगणित आकाशाशी जुळले पाहिजे. ग्रंथाचा मान आणि डोळ्यांना दिसलेले, दोन्ही त्यांनी सांभाळले. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरही इथेच, बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात वाढले. त्यांचे मोरूमामा घरातल्या फळ्यावर एखादे आव्हानात्मक गणित लिहून ठेवत, आणि ते सुटेपर्यंत किंवा मुलाने हार मानेपर्यंत पुसले जात नसे. त्या फळ्यावरचे न पुसलेले गणित मला फार मोलाचे वाटते.

तू म्हणशील, पोर्शन संपवायचा कधी? मुले संध्याकाळी जेईईच्या क्लासला पळतात, वर्गात साठजण. ही अडचण खरी आहे, ती मी हलकी मानत नाही. पण काठीला पैसे लागत नाहीत, आणि साठ मुले म्हणजे साठ रीडिंग. सरासरी आणि विचलन शिकवायला याहून चांगली सामग्री मिळणार नाही. शिवाय जेईईत व्हर्निअर, स्क्रू गेज आणि त्रुटींवरचे प्रश्न येतातच, ते पाठांतराने सुटत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बारावीच्या लेखी ७० अधिक प्रात्यक्षिक ३० गुणांच्या रचनेत बाहेरचा परीक्षक बरोबर उत्तर शोधेल आणि प्रामाणिक मुलाचे गुण कापेल. यावर तोड अशी: निष्कर्षाखाली त्रुटीची कारणे आणि तिचे मोजमाप लिहायला शिकव. 'जी' ९.६ आला, दोरीची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजलेली नव्हती, असे ज्याने लिहिले, त्याला गुण नाकारणे परीक्षकालाही जड जाते. एखादा गुण गेलाच तर जाऊ दे, पण वर्षभर तुझ्या हातातल्या गुणांत तरी खोट्या रीडिंगला जागा देऊ नकोस.

येत्या २३ सप्टेंबरला काठी उभी कर. त्याच दिवशी पुण्यातही एका शाळेत काठी उभी करायची व्यवस्था मी करतो. इथे सावली सुमारे साडेतेहतीस सेंटिमीटर असेल. दोन्हीकडची मध्यान्हीची रीडिंग आली की नकाशावरून दोन गावांमधले उत्तर-दक्षिण अंतर घेऊन पृथ्वीचा घेर मुलांनाच काढू दे. ढग आले तर लगेच कळव, दुसरा दिवस ठरवू. आणि वह्यांचे फोटो पाठवशील ते खाडाखोडीसकट पाठव.

तुझा
मामा