पक्षाघात : नवे संशोधन आणि आपली जबाबदारी

आपल्याकडे पक्षाघाताला 'अंगावरून वारे जाणे' असे म्हणतात. व्याधीतील वाताचे प्राधान्य लोकभाषेनेही ओळखले आहे, याचा वैद्य म्हणून आपणांस संतोष वाटतो. परंतु याच शब्दामुळे रुग्णाचे नातेवाईक अनेकदा सर्वप्रथम आपल्या औषधालयाची पायरी चढतात, आणि तेथेच आपली जबाबदारी सुरू होते. या लेखात पक्षाघाताची कारणे, तातडीची चिकित्सा व पुनर्वसन यांविषयी अलीकडच्या काळात झालेल्या प्रमुख संशोधनांचा परामर्श घेऊन, त्यांतून आपल्या नित्य व्यवहारात काय बदलावयास हवे, याचा विचार करण्याचे योजिले आहे.

हा व्याधी केवळ शहरी व सुखवस्तू लोकांचा आहे, ही समजूत प्रथम सोडावी लागेल. गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' या संस्थेच्या संशोधकांनी ८६ खेड्यांतील मृत्यूंची कारणे दोन वर्षे तपासली. त्यांचा अहवाल २०१५ साली प्रसिद्ध झाला. १५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के मृत्यू पक्षाघाताने झाले होते. त्या ग्रामीण भागात मृत्यूचे ते प्रथम क्रमांकाचे कारण ठरले, आणि यांतील बहुसंख्य रुग्ण घरीच दगावले होते.

व्याधिविचार

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात वातप्रकोपाची दोन कारणे सांगितली आहेत : धातुक्षय आणि मार्गावरोध. आधुनिक शास्त्रही पक्षाघाताचे दोन मुख्य प्रकार मानते. एकात मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते, तर दुसऱ्यात ती फुटून रक्तस्राव होतो. पहिल्या प्रकाराचे मार्गावरणाशी साम्य दिसते, हे खरे. तथापि या साम्यावरून चिकित्सा ठरविण्याची घाई करू नये. दोन्ही प्रकारांची बाह्य लक्षणे सारखीच असू शकतात. नाडी, जिव्हा वा रक्तदाब पाहून त्यांचा निश्चित भेद करता येत नाही, त्यासाठी सी. टी. स्कॅनच लागतो. एका प्रकारात जे औषध जीवनदायी ठरते, तेच दुसऱ्यात घातक होते.

सुश्रुताचार्यांनी साध्यासाध्यतेचा विचार करताना शुद्ध वातजन्य पक्षाघात अत्यंत कष्टसाध्य, अन्य दोषांच्या संसर्गाने झालेला साध्य आणि क्षयजन्य असाध्य मानला आहे. प्रत्येक रुग्ण बरा होईल, असे आश्वासन आपल्या शास्त्राने कधीच दिलेले नाही, हे येथे ध्यानात ठेवावे.

पहिले साडेचार तास

१९९५ साली अमेरिकेतील ६२४ रुग्णांवरील चाचणीत असे सिद्ध झाले की, गुठळी विरघळविणारे अल्टेप्लेज हे औषध पहिल्या तीन तासांत शिरेवाटे दिल्यास तीन महिन्यांनंतर व्यंग राहण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटते. मात्र मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोकाही ०.६ टक्क्यावरून ६.४ टक्क्यांवर गेला. म्हणूनच हे औषध स्कॅनशिवाय देता येत नाही. २००८ साली युरोपातील चाचणीने ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत वाढविली. २०२२ साली कॅनडातील चाचणीत टेनेक्टेप्लेज हे औषध अल्टेप्लेजच्या तोडीचे ठरले. ते एकाच वेळी टोचून देता येते, त्यामुळे लहान रुग्णालयांची सोय झाली.

मोठी रक्तवाहिनी बंद झाल्यास जांघेतील धमनीतून नलिका घालून गुठळी बाहेर काढण्याची पद्धती २०१५ साली प्रस्थापित झाली. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील ५०० रुग्णांच्या चाचणीत स्वावलंबी झालेल्यांचे प्रमाण १९.१ टक्क्यांवरून ३२.६ टक्क्यांवर गेले. २०१८ साली आणखी दोन चाचण्यांनी दाखविले की, मेंदूचा वाचविण्याजोगा भाग शिल्लक असलेल्या निवडक रुग्णांत ही क्रिया सहा तासांनंतरही उपयोगी पडते. त्यांपैकी एका चाचणीत ही मर्यादा २४ तासांपर्यंत होती. परंतु कोणता रुग्ण निवडक, हे रुग्णालयातच ठरते. आपल्यापुरता नियम एकच : विलंब नको. बंद पडलेल्या मोठ्या वाहिनीमुळे दर मिनिटास सुमारे १९ लक्ष मज्जापेशी नष्ट होतात, असे गणित २००६ साली मांडण्यात आले आहे.

येथे आमच्याच औषधालयातील एक प्रसंग सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. एके दिवशी सकाळी नऊच्या सुमारास एक तरुण महानारायण तेलाची बाटली घेण्यास आला. वडिलांच्या अंगावरून वारे गेले असून शेजाऱ्यांनी मालीश करण्यास सांगितले आहे, असे तो म्हणाला. आमच्या सहायकाने बाटली दिली, पैसे घेतले. आम्ही आतल्या खोलीत रुग्ण तपासत होतो. बोलणे कानावर आले, तरी उठलो नाही. दुपारी तोच मुलगा परत आला, तेव्हा आम्ही विचारले, "हे कधी झाले?" तो म्हणाला, "आज सकाळी सातला." तो प्रथम आला तेव्हा अडीच तास हाती होते. जिल्ह्याच्या गावी पोहोचेपर्यंत काहीच उरले नाहीत. ते गृहस्थ वाचले. परंतु त्यांचा उजवा हात पुन्हा कामाचा झाला नाही. दोष त्या मुलाचा नव्हता व सहायकाचाही नव्हता. "कधी झाले?" हा एक प्रश्न विचारण्याची शिस्त आम्ही औषधालयास लावली नव्हती, हा दोष आमचा होता.

पहिल्या तासांत तोंडावाटे काहीही देऊ नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. अशा रुग्णाची गिळण्याची शक्ती मंदावलेली असते. मधातून चाटविलेली मात्रा वा पाजलेला काढा श्वासमार्गात जाऊन फुप्फुसदाह होऊ शकतो. ऑस्ट्रेलियातील १९ पक्षाघात कक्षांमध्ये परिचारिकांनी ज्वर, रक्तशर्करा आणि गिळण्याची क्षमता या तीनच गोष्टींवर काटेकोर लक्ष ठेवले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार मृत्यू वा परावलंबन यांचे प्रमाण ५८ टक्क्यांऐवजी ४२ टक्के राहिले. उपस्थाता म्हणजे परिचारक हा चिकित्सेच्या चार पादांपैकी एक मानणाऱ्या परंपरेला या निष्कर्षाचे नवल वाटू नये.

रक्तस्रावजन्य प्रकारातही आता निराशेचे कारण नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, सात हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत रक्तदाब त्वरेने उतरविणे, शर्करा व ज्वर आटोक्यात ठेवणे आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम उलटविणे, या उपायांच्या एकत्रित योजनेने रुग्णांची स्थिती सुधारली. भारतातील रुग्णालयेही या चाचणीत सहभागी होती.

काही रुग्णांत लक्षणे दहा-पंधरा मिनिटांत नाहीशी होतात आणि घरचे लोक निश्चिंत होतात. हा क्षणिक झटका पुढील मोठ्या आघाताची सूचना असतो. चीनमधील ५१७० रुग्णांच्या, २०१३ च्या चाचणीत क्षणिक झटका वा सौम्य पक्षाघात झालेल्यांना पहिल्या २४ तासांत ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल ही दोन औषधे एकत्र सुरू केल्यावर ९० दिवसांतील पक्षाघाताचे प्रमाण ११.७ टक्क्यांऐवजी ८.२ टक्के झाले. 'आपोआप बरे झाले' असे सांगणाऱ्या रुग्णासही त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.

हेतू व प्रतिबंध

३२ देशांतील सुमारे २७ हजार व्यक्तींचा समावेश असलेला 'इंटरस्ट्रोक' अभ्यास २०१६ साली पूर्णत्वास गेला. त्यानुसार दहा परिवर्तनीय हेतू पक्षाघाताच्या सुमारे ९० टक्के धोक्यास कारणीभूत आहेत : उच्च रक्तदाब, व्यायामाचा अभाव, रक्तातील मेदांचे असंतुलन, अयोग्य आहार, पोटाचा घेर, मानसिक ताण, धूम्रपान, मद्यपान, मधुमेह आणि हृद्रोग. यांत उच्च रक्तदाबाचा वाटा सर्वांत मोठा, जवळजवळ निम्मा आहे.

या संदर्भात आपणांस अभिमान वाटावा असा इतिहास आहे. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरील परिणाम ५० रुग्णांत अभ्यासून ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये सर्पगंधेतून रेसर्पिन वेगळे करण्यात आले. पुढे अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १४३ पुरुषांवर जी चाचणी झाली, तिच्यातील तीन औषधांपैकी एक रेसर्पिन होते. १९६७ च्या अहवालानुसार औषध न मिळालेल्या ७० जणांत २७ गंभीर उपद्रव झाले, तर औषध घेणाऱ्या ७३ जणांत केवळ दोन. रक्तदाब उतरविल्याने असे उपद्रव टळतात, हे सिद्ध करण्यात सर्पगंधेचा वाटा होता. मात्र या इतिहासावरून कोणासही न मोजता सर्पगंधा घनवटी द्यावी, असा अर्थ काढू नये. अवसादासारखे तिचे उपद्रव ज्ञात आहेत. वकीलांनी मोजले, नोंदले व मग लिहिले, हा खरा बोध होय.

२००१ सालच्या, ६१०५ रुग्णांच्या चाचणीत एकदा पक्षाघात वा क्षणिक झटका येऊन गेलेल्यांचा रक्तदाब औषधांनी उतरविल्यावर पुन्हा पक्षाघात होण्याचे प्रमाण २८ टक्क्यांनी घटले. म्हणून 'आता आयुर्वेद सुरू केला, त्या गोळ्या बंद करा' हे वाक्य आपल्या तोंडून कदापि निघू नये.

लवणाविषयीही नवा पुरावा आहे. चीनमधील ६०० खेड्यांतील २०,९९५ व्यक्तींपैकी काहींना एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले मीठ देण्यात आले. २०२१ च्या अहवालानुसार त्यांच्यात पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले. गंभीर मूत्रपिंडविकार असणाऱ्यांना हे मीठ वर्ज्य होय. सैंधव पथ्यकर मानले असले, तरी तेही प्रामुख्याने सोडियम क्लोराइडच असते, हे रुग्णास सांगावे.

पुनर्वसन : आपले खरे क्षेत्र

स्थिती स्थिर झाल्यावर स्नेहन, स्वेदन, मृदू विरेचन, बस्ती व नस्य यांना वाव आहे. तथापि, केव्हा आरंभ करावा, याचे तारतम्य हवे. 'एव्हर्ट' चाचणीत २१०४ रुग्णांपैकी निम्म्यांना पहिल्या २४ तासांतच वारंवार उठवून हालचाल देण्यात आली. २०१५ च्या निष्कर्षानुसार त्यांच्यात चांगली सुधारणा ४६ टक्के, तर नेहमीच्या पद्धतीत ५० टक्के दिसली. पहिल्याच दिवशी जोरकस अभ्यंगाचा आग्रह धरणाऱ्यांनी हा आकडा स्मरणात ठेवावा.

उलटपक्षी, 'तीन महिने झाले, आता काही होणार नाही' हेही खरे नव्हे. २००६ च्या अमेरिकन चाचणीत तीन ते नऊ महिने उलटलेल्या २२२ रुग्णांचा समावेश होता. त्यांतील एका गटाचा चांगला हात दोन आठवडे दिवसातील बहुतेक वेळ मोज्यात बांधून दुबळ्या हाताकडून कामे करवून घेतली असता त्या हाताचा उपयोग वाढला. ज्या हातात थोडीफार हालचाल शिल्लक आहे, त्यासाठी हा उपाय आहे.

भारतातील १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांच्या कुटुंबीयांना व्यायाम शिकविण्याचा प्रयोग झाला. २०१७ च्या अहवालात दोन्ही गटांत मृत्यू वा परावलंबनाचे प्रमाण ४७ टक्केच राहिले. कुटुंबीयांची माया मोलाची असली, तरी प्रशिक्षित हाताची जागा ती घेऊ शकत नाही. म्हणून भौतिकोपचारतज्ज्ञास आपला प्रतिस्पर्धी न मानता सहकारी मानावे.

आपल्या औषधांची कसोटी

चीनमधील पारंपरिक औषधांच्या दोन मोठ्या चाचण्या आपणांस मार्गदर्शक आहेत. सुमारे ११०० रुग्णांवरील २०१३ ची आणि रक्तस्रावजन्य पक्षाघाताच्या सोळाशेहून अधिक रुग्णांवरील २०२४ ची, या दोन्हींत अपेक्षित लाभ सिद्ध झाला नाही. आधुनिक वैद्यकासही असाच अनुभव आला. फ्लुओक्सेटिनने पुनर्वसन जलद होईल, ही आशा २०१८ साली ३१२७ रुग्णांच्या चाचणीने मोडीत काढली. उलट अस्थिभंग वाढलेले आढळले. त्यांनी तो निष्कर्ष स्वीकारला. एकांगवीर रस, बृहत् वातचिंतामणी वा क्षीरबला तैल यांविषयीचा आपला विश्वास अनुभवाधिष्ठित असेल, तर त्यास मोजमापाचे भय नसावे. प्रत्येक रुग्णाची आरंभीची व तीन महिन्यांनंतरची अवस्था (चालणे, जेवणे, बोलणे, कपडे घालणे) एकाच तक्त्यात नोंदविण्यास कोणताही खर्च येत नाही.

औषधालयांसाठी काही नियम

१. पक्षाघातासाठी तेल वा औषध मागणाऱ्यास प्रथम विचारावे : "कधी झाले?" आजचे असल्यास विक्री थांबवावी व १०८ ला दूरध्वनी करावा.

२. चेहरा वाकडा होणे, हात खाली पडणे, वाणी अडखळणे, अकस्मात तोल जाणे वा दिसेनासे होणे, ही लक्षणे फलकावर मराठीत लावावीत.

३. रक्तदाबाच्या रुग्णास यष्टिमधु दीर्घकाळ व अधिक मात्रेत देऊ नये. त्याने रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. लवणयुक्त चूर्णेही विचारूनच द्यावीत.

४. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल वा वॉरफरिन घेणाऱ्यास लशुनाचे सघन योग वैद्याच्या सल्ल्याविना देऊ नयेत.

५. पक्षाघात व रक्तदाब बरा करण्याच्या जाहिराती १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्यान्वये निषिद्ध आहेत. असे फलक दुकानात लावू नयेत.

उपसंहार

सुश्रुताचार्यांनी पक्षाघाताची चिकित्सा सुरू करण्यापूर्वी रुग्णाचे अंग सुकलेले नसावे, तो आत्मवान असावा व त्याच्यापाशी साधने असावीत, असे सांगितले आहे. आज या साधनांत स्कॅनयंत्र व रुग्णवाहिका यांचाही अंतर्भाव करावा लागेल. योग्य वेळी रुग्ण पुढे पाठविणारा वैद्य आपला रुग्ण गमावीत नाही. तोच रुग्ण पुनर्वसनासाठी विश्वासाने त्याच्याकडे परत येतो. आमच्या औषधालयात आता गल्ल्याच्या वर एक पाटी आहे. तिच्यावर दोनच शब्द लिहिले आहेत : 'कधी झाले?' आपणही ती लावावी, अशी आमची विनंती आहे.