ग्लुकोमीटरचा आकडा आणि प्रयोगशाळेचा अहवाल

प्रमेहाच्या रुग्णास औषधयोजना करून पंधरा दिवस झालेले असतात. रुग्ण घरच्या ग्लुकोमीटरवरील उपाशीपोटीचे दोन आकडे दाखवतो : पूर्वी १९०, आता १६०. रुग्णास समाधान वाटते आणि वैद्यासही औषध लागू पडल्याचा विश्वास येतो. मात्र असा निष्कर्ष काढण्यापूर्वी या यंत्राची मर्यादा जाणून घेणे अगत्याचे आहे.

मान्य असलेली त्रुटी

आयएसओ १५१९७ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीनुसार रक्तशर्करा १०० मि.ग्रॅ. प्रति डे.लि. किंवा अधिक असता, किमान ९५ टक्के मोजण्या प्रयोगशाळेच्या मूल्यापासून १५ टक्क्यांच्या आत असाव्यात. १०० पेक्षा कमी असता १५ मि.ग्रॅ.च्या आत. म्हणजे प्रत्यक्ष शर्करा १७५ असताना मानकात बसणारे यंत्रही १४९ किंवा २०१ दाखवू शकते. वरील १९० व १६० हे दोन्ही आकडे याच मर्यादेत येतात. एकाच यंत्रावर व एकाच डबीतील पट्ट्यांवर इतका फरक सहसा पडत नाही हे खरे. तथापि आदल्या रात्रीचा आहार, निद्रा व श्रम यांनीही शर्करा बदलते. म्हणून दोन आकड्यांवरून औषधाचा गुण सिद्ध होत नाही.

तफावतीची कारणे

१) प्रयोगशाळा शिरेतील रक्ताचा रक्तद्रव तपासते, तर यंत्र बोटातील संपूर्ण रक्ताचा थेंब. रक्तद्रवातील शर्करा संपूर्ण रक्तापेक्षा सुमारे ११ टक्के अधिक असते. बहुतेक आधुनिक यंत्रे रक्तद्रवाचेच मूल्य दर्शवितात. माहितीपत्रकात तशी खात्री करावी.

२) भोजनोत्तर बोटाच्या रक्तातील शर्करा शिरेतील रक्तापेक्षा अधिक असते. यास्तव तुलना उपाशीपोटीच करावी.

३) पाण्डुरोगात तांबड्या पेशी कमी असल्याने अनेक यंत्रे शर्करा वास्तवापेक्षा अधिक दाखवतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्ताल्पता आढळली. हे कारण म्हणूनच उपेक्षणीय नाही.

४) मध, गूळ, अवलेह वा फळे हाताळलेल्या बोटाचा थेंब घेतल्यास आकडा खोटा वाढतो. केवळ स्पिरिटच्या बोळ्याने पुसणे पुरेसे नाही. हात पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावेत.

५) पट्ट्या आर्द्रता व उष्णतेने बिघडतात. त्या मूळ डबीतच, झाकण घट्ट लावून ठेवाव्यात. औषधविक्रेत्यांनी पावसाळ्यात याकडे विशेष लक्ष द्यावे.

६) दोष प्रयोगशाळेकडील नमुन्यातही असू शकतो. रक्त तसेच ठेवल्यास पेशी शर्करा वापरत राहतात आणि सामान्य तापमानात ती दर तासास ५ ते ७ टक्क्यांनी घटते.

तुलनेची रीत

उपाशीपोटी शिरेतून रक्त घेताना त्याच वेळी बोटाचीही मोजणी करावी. नमुना त्वरित प्रयोगशाळेत पोहोचवावा. दोहोंतील फरकास प्रयोगशाळेच्या मूल्याने भागून शंभराने गुणावे. फरक वारंवार १५ टक्क्यांहून अधिक आल्यास नियंत्रण द्रावणाने यंत्र तपासावे व नवी पट्टी वापरावी. चिकित्सालयात प्रत्येक रुग्णास नवी सुई वापरावी. टोचणीचे पेन दोन रुग्णांत कदापि वापरू नये.

वैद्याचे कर्तव्य

निदान प्रयोगशाळेतच करावे : उपाशीपोटी १२६ किंवा अधिक, ग्लुकोज प्राशनानंतर दोन तासांनी २०० किंवा अधिक, अथवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा अधिक. लक्षणे स्पष्ट नसल्यास चाचणीची पुष्टी करावी. औषधाचा गुण तीन महिन्यांच्या एचबीए१सीवरून ठरवावा; पाण्डु असल्यास तोही सावधपणे वाचावा.

इन्सुलिन किंवा शर्करा घटविणाऱ्या आधुनिक गोळ्या घेणाऱ्या रुग्णात मात्र चुकीचा आकडा प्राणावर बेतू शकतो. एखाद्या कमी आकड्यावर विसंबून त्या परस्पर थांबवू नयेत. उलटपक्षी घाम, कंप वा भ्रम ही लक्षणे दिसत असताना यंत्र ९० दाखवीत असले, तरी शुद्धीवर असलेल्या रुग्णास त्वरित साखरपाणी द्यावे. पाण्डुरोग्यात खरी शर्करा त्याहून खाली असू शकते. शुद्ध हरपल्यास तोंडाने काही न देता तातडीने रुग्णालयात न्यावे.

१९५४ च्या औषधे व जादुई उपाय अधिनियमानुसार मधुमेह बरा करण्याची जाहिरात निषिद्ध आहे. ग्लुकोमीटरच्या आकड्यांचे कात्रण अशा दाव्यास आधार ठरत नाही. रुग्णाने घरी रोजचा मागोवा घेण्यासाठी हे यंत्र निश्चितच उपकारक आहे. परंतु निदान व औषधपरीक्षण यांचा भार त्यावर टाकू नये.