अडलेली वाट

१. कावीळ हा आजार नाही, ती एक खूण आहे, हे समजायला आम्ही पाच दिवस घालवले. सकाळी ओट्यावर, उन्हात बसलेल्या आईचे डोळे पिवळे दिसले. त्याच दुपारी शेजारच्या गावाला नेऊन तिच्या गळ्यात काविळीची माळ घातली. माळ रोज लांबायची आणि उतार पडतोय म्हणून आम्ही निश्चिंत व्हायचो. माळेतल्या ओल्या काड्या वाळल्या की दोऱ्याच्या गाठी सैल होतात, म्हणून माळ वाढते. मी शिकलेला, पण हे माझ्याही डोक्यात आलं नाही.

२. विचारायचं ते आपण विचारत नाही. लघवी काळ्या चहासारखी, शौचाला मात्र पांढुरकं, आणि अंगभर खाज. आईनं लाजून हे सांगितलंच नाही. पित्त आतड्यात उतरलं नाही की असंच होतं. चरकसंहितेतही वाट अडून झालेल्या काविळीत वाटलेल्या तिळासारखा मल होतो, अशी नोंद आहे. इतकी जुनी खूण, आणि आमच्या घरात कुणाला ठाऊक नाही.

३. मला हे दुखणं कळलं ते कुकडी कालव्याच्या पाण्याच्या आवर्तनामुळे. चारीत दगड अडकला की पुढचं रान कोरडं राहतं आणि पाणी मागं तुंबतं. पित्ताशयातला खडा घसरून पित्तनलिकेत अडकतो, तेव्हा पित्त असंच मागं फिरून रक्तात उतरतं. ही नळी साधारण ६ मिलिमीटर रुंद. आईची दुप्पट फुगली होती. सोनोग्राफीत फुगलेली नळी दिसली, खडा दिसला नाही; तो एमआरसीपी या एमआरआय तपासणीत सापडला.

४. सगळे खडे सारखे नसतात. कुळथाचं पाणी पाजा, असं चौघांनी सांगितलं. तो घरगुती उपाय मुतखड्यावर करतात. पित्ताची वाटच वेगळी.

५. सहाव्या रात्री दोन गोधड्या घालूनही आईची थंडी थांबेना. कावीळ, पोटदुखी आणि हुडहुडी भरून ताप ही तिन्ही एकत्र आली की तुंबलेल्या पित्तात जंतू वाढलेत, असं समजायचं. हे दुखणं जिवावर बेतू शकतं. कर्जतहून रात्रीच नगर गाठलं.

६. पोट न फाडता खडा निघतो, यावर आईचा विश्वासच बसला नाही. तोंडातून दुर्बीण लहान आतड्यापर्यंत नेतात, नलिकेच्या तोंडाशी बारीक छेद देतात आणि फुग्यानं किंवा जाळीनं खडा ओढून आतड्यातच सोडतात. या प्रक्रियेला ईआरसीपी म्हणतात; तिच्यातून असा छेद देण्याची सुरुवात १९७३-७४ च्या सुमारास जर्मनी आणि जपानमध्ये झाली. त्याआधी मोठ्या ऑपरेशनशिवाय इलाज नव्हता. ईआरसीपीनंतर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, हे डॉक्टरांनी सही घेण्याआधी सांगितलं. त्यानंतरचे दोन दिवस मी फक्त आईच्या पोटाकडे बघत होतो.

७. वाट मोकळी झाली, तरी खडे होण्याची जागा तशीच होती. पित्ताशय नंतर दुर्बिणीनं काढलं. भारतात ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी केली. बाटलीत तुरीच्या डाळीएवढे पिवळट खडे दिले. ईआरसीपीच्या वेळी पित्तनलिकेत प्लास्टिकची बारीक नळी, म्हणजे स्टेंट, ठेवली होती. ती वेळेवर काढली नाही तर तीच तुंबते, म्हणून तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिली.

डोळे पिवळे दिसले आणि अंगात थंडीताप भरला, तर माळेसाठी गाडी काढू नका. त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा.